चिपाडावर धिंगरी घेताना या चुका टाळा

गळीत हंगामात कोल्हापूर जिल्ह्यातील गुऱ्हाळांच्या आवारात उसाच्या चिपाडांचे ढीग लागतात. त्यावर धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) घेऊन व्हिगन, म्हणजे प्राणिजन्य घटक नसलेल्या, प्रथिनांचा जोडधंदा उभारण्याचा विचार चांगलाच आहे. परंतु चिपाड म्हणजे फुकटचा कचरा, या समजुतीने सुरुवात केली की चिपाड आणि अळिंबीचे बियाणे भरलेल्या पिशव्या हिरव्या पडू लागतात. रस काढल्यानंतरही चिपाडात थोडी साखर उरते आणि धिंगरीचे धागे पसरण्याआधीच ती हिरव्या बुरशीच्या उपयोगी पडते.

सर्वांत महागात पडणारी चूक जुन्या चिपाडाची आहे. ओलसर ढीग आतून तापतो, त्यात उष्णतेत वाढणारे सूक्ष्मजीव माजतात, आणि अशा कुजक्या चिपाडाची धूळ वारंवार श्वासावाटे आत गेल्यास बगॅसोसिस नावाचा फुप्फुसाचा विकार होऊ शकतो. म्हणून चिपाड ताजे असतानाच पातळ पसरून कडक उन्हात वाळवावे, आणि काळपट पडलेले किंवा कुबट वास येणारे चिपाड चुलाणाला जळण म्हणूनच द्यावे. ते हाताळताना मास्क अवश्य वापरावा.

दुसरी चूक निर्जंतुकीकरणातील घाईची. वरून उकळते पाणी ओतल्याने काम भागत नाही. बारीक केलेले चिपाड आधी भिजवून, साखर उतरलेले ते पाणी टाकून द्यावे आणि नंतर ते 65 ते 70 अंश सेल्सिअसच्या पाण्यात किमान तासभर ठेवावे. तापमान कडेला नव्हे, मध्यभागी मोजावे. चिपाडाचा भुसभुशीत गर पाणी धरून ठेवतो, त्यामुळे भाताच्या काडापेक्षा ते निथळायला अधिक वेळ लागतो. मूठ घट्ट आवळल्यावर बोटांच्या फटीत जेमतेम एखादा थेंब दिसला तर ओलावा योग्य समजावा; धार लागली तर पिशवीचा तळ आंबणार हे निश्चित.

चिपाडात नत्र कमी असल्याने गव्हाचा कोंडा मिसळण्याची पद्धत आहे, पण उत्पादनाच्या हव्यासाने तो वाढवला की पिशवी आतून तापते आणि बियाणे मरते. कोंडा अधिक घालायचा असेल तर गरम पाणी पुरत नाही, दाबाखालील 121 अंशांची वाफच लागते. बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड तर मुळीच वापरू नये, कारण तिच्यातील अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष उकळल्याने नष्ट होत नाही.

पहिल्याच आठवड्यात हिरवे डाग दिसले तर उष्णता कमी पडली किंवा बियाणे जुने होते असे समजावे आणि पिशवी न उघडता खोलीबाहेर न्यावी. देठ लांब आणि छत्री लहान राहिली तर खोलीत कार्बन डायऑक्साइड कोंडला आहे, खिडकी उघडावी. मार्च-एप्रिलमध्ये कोवळ्या कळ्या सुकत असतील तर ओली गोणपाटे लावून आर्द्रता 80 ते 85 टक्के राखावी. उलट पावसाळ्यात गगनबावड्यासारख्या ठिकाणी हवाच इतकी दमट असते की सवयीने मारलेल्या फवारणीमुळेच छत्र्यांवर पिवळट-तपकिरी चट्टे पडतात.

विक्री करताना होणारी चूक मला अधिक गंभीर वाटते, कारण तिच्यात ग्राहकाचा विश्वास पणाला लागतो. ताज्या धिंगरीत सुमारे 90 टक्के पाणी आणि 100 ग्रॅममागे जेमतेम 3 ग्रॅम प्रथिने असतात. 20 ते 30 टक्के हा आकडा वाळवलेल्या धिंगरीचा आहे आणि तो ताज्या मालाच्या पाकिटावर छापणे अयोग्य आहे. कटलेट किंवा सॉसेज करायचे असेल तर ते कशाने बांधले जाते हेही पाहावे. 1985 मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आलेल्या क्वॉर्न या मांसाला पर्यायी पदार्थात बुरशीचे प्रथिन बांधण्यासाठी अंड्याचा पांढरा भाग वापरला जात असे, त्यामुळे तो पदार्थ मांसरहित असूनही व्हिगन नव्हता. पावडर करणार असाल तर वाळलेली धिंगरी हातात घेऊन मोडून पाहावी: ती कडकन तुटली पाहिजे, आणि नुसती वाकली तर तिला पुन्हा ड्रायरमध्ये ठेवावे.