आई-बाबा येतायत आणि युरोप फिरवायचाय? तिकीट काढायच्या आधी हे वाचा

एप्रिल आला की मला हमखास मेसेज यायला लागतात, दादा आई-बाबा मेमध्ये येतायत, प्राग व्हिएन्ना बुडापेस्ट रोम व्हेनिस करायचंय, स्वस्तात कसं बसवू? जर्मनीत म्युनिकमध्ये अकरा वर्षं झाली, दोन्हीकडच्या आई-वडिलांना मिळून चारदा फिरवून आणलंय, त्यात शहाणपणाने कमी आणि पैसे घालवून जास्त शिकलो. ते सगळं एकदाच लिहून टाकतो.

पहिली गोष्ट म्हणजे आपली भारतातली सवय इथे उलटी करावी लागते. आपल्याकडे भाडं साधारण ठरलेलं, प्रश्न एवढाच की कन्फर्म होतंय का वेटिंग. इथे लांबच्या गाडीत वेटिंग नावाचा प्रकार नाही, गाडी फुल होण्याऐवजी महाग होत जाते. म्युनिक-बर्लिन दोन-अडीच महिने आधी बघितलं तर वीस-पंचवीस युरोत दिसतं, तेच शुक्रवारी संध्याकाळचं दोन दिवस आधी काढायला गेलात तर शंभराच्या पुढे. म्हणून तारीख ठरली की आधी गाड्या बुक करा, हॉटेलं नंतर, कारण हॉटेल फ्री कॅन्सलेशनवालं मिळतं, स्वस्त तिकीट मात्र बहुतेक वेळा परत करता येत नाही.

आणि हो, तिकीट आहे म्हणजे सीट आहे असं नाही! जर्मनीत आयसीईचं, म्हणजे इथल्या फास्ट गाडीचं, रिझर्वेशन वेगळं काढावं लागतं, थोडेच पैसे असतात, आई-बाबा बरोबर असतील तर तिथे कंजुषी करू नका. मी केली होती. बाबा न्यूरेंबर्गपर्यंत दारापाशी बॅगेवर बसून आले, आणि अजूनही प्रत्येक पाहुण्याला ते सांगतात.

स्वस्त तिकिटाला, म्हणजे श्पारप्राइस आणि सुपर श्पारप्राइसला, झुगबिंडुंग असतं, म्हणजे त्याच गाडीने जायचं, पुढची चालत नाही. पण शेवटच्या स्टेशनला वीस मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की हे बंधन सुटतं आणि दुसऱ्या गाडीत बसता येतं, नवीन आलेल्यांपैकी निम्म्यांना हे माहीतच नसतं, बिचारे प्लॅटफॉर्मवर तशीच वाट बघत बसतात. एक तासाच्या वर उशीर झाला तर पंचवीस टक्के आणि दोन तासांच्या वर पन्नास टक्के पैसे परत मागता येतात, जर्मन रेल्वेच्या अॅपमधूनच. मुलं सहा ते चौदाची असली तर मोठ्यांबरोबर फुकट, पण तिकीट काढतानाच त्यांना त्यात टाकायचं. बानकार्ड, म्हणजे जर्मन रेल्वेचं सवलतीचं कार्ड, घेतलंत तर कॅन्सल करायची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरला लावा, ते आपोआप रिन्यू होतं.

डॉइचलांड तिकीट, म्हणजे जर्मनीभर चालणारा महिन्याचा पास, २०२३ च्या मेमध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२६ च्या जानेवारीपासून ६३ झालंय. ते फक्त रिजनल गाड्यांना, आयसीई-आयसी अशा लांबच्या गाड्यांना नाही. पण गंमत म्हणजे ते थेट साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत चालतं, म्हणजे म्युनिकवाल्यांना ऑस्ट्रियाची एक दिवसाची ट्रिप त्यातच झाली. आई-बाबांसाठी एक महिन्यापुरतं घेता येतं, फक्त ते सबस्क्रिप्शन आहे, त्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत बंद केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे गेले. एकाच दिवसाचं असेल तर बायर्न-तिकीट, म्हणजे म्युनिक ज्यात येतं त्या बव्हेरिया राज्याचं दिवसाचं तिकीट, बघा, पाच जणांपर्यंत एकत्र जाता येतं, फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच.

आता खरा मुद्दा, रूट. लोक नकाशावर आवडीची शहरं निवडतात आणि प्रत्येक वेळी घरी परत येतात किंवा उलटसुलट उड्या मारतात. शहरं एका ओळीत लावा. आमचं शेवटचं असं होतं: म्युनिक ते प्राग गाडी, प्राग-व्हिएन्ना गाडी (चार तास), व्हिएन्ना-बुडापेस्ट गाडी (पावणेतीन तासांच्या आत), बुडापेस्ट-रोम विमान, मग रोम-फ्लोरेन्स-व्हेनिस गाडी आणि तिथून घर. बुडापेस्ट-रोम गाडीने करायला गेलात तर अख्खा दिवस जातो, विमान दोन तासांच्या आत पोचतं. माझा हिशोब साधा आहे, पाच तासांपर्यंत गाडीच, त्याच्या वर विमान बघायचं, पण घराच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंतचे तास आणि पैसे मोजून.

तिकीट एकाच साइटवरून सगळं काढू नका. ज्या देशातून गाडी निघते त्या देशाच्या रेल्वेची साइट आधी बघा, प्राग-व्हिएन्नाला चेक रेल्वे आणि खासगी रेजिओजेट दोन्ही, व्हिएन्नाहून पुढे ओबीबीची, म्हणजे ऑस्ट्रियन रेल्वेची, श्पारशीने ही स्वस्त तिकिटं. तीच गाडी, तोच डबा, दर वेगळा, असं बऱ्याचदा होतं. इटलीत मोठ्या शहरांमध्ये सरकारी त्रेनितालिया आणि खासगी इतालो यांची स्पर्धा आहे, दोन्ही बघा, लवकर काढा. तिथल्या रिजनल गाड्यांचं भाडं मात्र ठरलेलं असतं, त्याची घाई नको. संप पण होतात इटलीत, 'शोपेरो' हा शब्द लक्षात ठेवा, आधी जाहीर होतात आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ, संध्याकाळी सहा ते नऊ रिजनल गाड्या साधारण चालू ठेवतात.

रात्रीची नाइटजेट गाडी म्युनिक-व्हिएन्नाहून इटलीला जाते, एका रात्रीचं हॉटेल वाचतं. लिगेवागन म्हणजे आपला थ्री टायरच समजा, सहा बर्थ एका खोलीत. आईला गुडघ्याचा त्रास असेल तर खालचा बर्थ बुकिंग करतानाच बघा, ऐनवेळी टीसीला विनंती करू हा विचार सोडा.

विमानाकडे येऊ. १९ युरोचं तिकीट १९ ला पडत नाही. पाठीवरची छोटी बॅग सोडून सगळ्याला पैसे, कित्येक ठिकाणी तिचं मापही ४०×३०×२० सेंटिमीटर, आणि ते खरंच मोजतात. मग विमानतळ कुठे आहे ते बघा. पॅरिस म्हणून विकतात ते बोव्हे शहरापासून ८० किलोमीटरच्या वर आहे, फ्रँकफुर्ट-हान तर १२० च्या आसपास. पहाटे सहाचं विमान असेल तर तीन वाजता तिथे जायला काय आहे ते आधी शोधा, मी एकदा टॅक्सीला विमानाच्या तिप्पट मोजलेत.

आपला पासपोर्ट युरोपियन नाही, त्यामुळे काही स्वस्त एअरलाइन्सना सिक्युरिटीच्या आधी काउंटरवर जाऊन व्हिसा चेक करून घ्यावा लागतो. ऑनलाइन चेक-इन झालं म्हणून मी सरळ गेटवर गेलो, तिथून परत पाठवलं, पळत गेलो पळत आलो, विमान मिळालं पण बायको अजून त्यावरून बोलते. आणि शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपियन देशांच्या, आत असलात तरी पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड दोन्ही जवळ ठेवा, गाडीतही मधेच तपासणी होते.

लंडन मधे घुसवू नका. तुमच्या जर्मन कार्डावर तिथे जाता येत नाही, यूकेचा व्हिसा वेगळा. आणि आई-बाबांचा शेंगेन व्हिसा सिंगल एंट्रीचा असेल तर लंडनला गेले की परत शेंगेनमध्ये येताच येत नाही, हे तिकीट काढायच्या आधी व्हिसाच्या स्टिकरवर बघा.

अनेक देशांत चालणारा रेल्वेचा पास हवाच असेल तर इथे राहणाऱ्यांना इंटररेल, आई-बाबांना युरेल. पण चार-पाचच प्रवास असतील तर आधी काढलेली सुटी तिकिटं मला प्रत्येक वेळी स्वस्त पडलीत, शिवाय फ्रान्स-इटलीच्या फास्ट गाड्यांना पासवर रिझर्वेशनचे पैसे वेगळे.

डबा बिनधास्त घ्या, गाडीत कोणी काही म्हणत नाही, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी व्हिएन्नापर्यंत पुरते. लोणचं मात्र बुडापेस्टच्या विमानाआधी संपवा, सिक्युरिटीच्या हिशोबात तेलातलं लोणचं लिक्विडमध्ये जातं आणि बऱ्याच विमानतळांवर शंभर मिलीच्या वर चालत नाही. आमची कैरीची अख्खी बरणी तिथेच राहिली.