वाचनालय चालवताना त्याच त्या चुका: अनामत, देणगीची पुस्तके, दंड आणि बाकीचे

बहुतेक ठिकाणी वाचनालयाची नियमावली अशी तयार होते: कार्यवाह एखाद्या मोठ्या संस्थेचे माहितीपत्रक मिळवतात, वरचे नाव बदलतात आणि टायपिंगला देतात. सार्वजनिक वाचनालय नाशिक, म्हणजे आपले सावाना, १८४० पासूनची संस्था. तिथले विभाग वेगळे, कर्मचारी वेगळे, गर्दी वेगळी. तिथले नियम सिन्नरकडच्या दोन हजार पुस्तकांच्या, एका अर्धवेळ ग्रंथपालाच्या वाचनालयात लावले तर पहिल्या महिन्यात ते भिंतीवर चढतात आणि दुसऱ्या महिन्यापासून त्यांच्याकडे कोणी बघत नाही. "संदर्भ विभागातील ग्रंथ घरी दिले जाणार नाहीत" असा नियम असतो आणि संदर्भ विभाग म्हणजे एक शब्दकोश.

नियम लिहिताना तीन प्रश्न विचारा. हे काम कोण करणार? कोणत्या नोंदवहीत लिहिणार? सही कोणाची? तिन्हींची उत्तरे मिळत नसतील तर तो नियम खोडा. दहा नियम पुरतात. चाळीस नियमांची पुस्तिका छापणाऱ्यांचे दाखल रजिस्टर, म्हणजे आलेल्या पुस्तकांची नोंदवही, सहा महिने मागे असते, हे कुठेही जाऊन पाहा.

अनामत खर्चून टाकणे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आणि होतेही सगळ्यात सहज. सभासद होताना वाचक दोन रकमा देतो, वर्गणी आणि अनामत. वर्गणी वाचनालयाची. अनामत वाचकाची, आपल्याकडे नुसती सांभाळायला. पण पावतीपुस्तक एक, गल्ला एक, बँकखाते एक, मग मार्चअखेर शिल्लक बरी दिसते आणि बैठकीत कोणीतरी म्हणतेच, "पैसे पडून आहेत, दोन कपाटे घेऊन टाकू."

निफाड तालुक्यातल्या एका वाचनालयात नेमके हेच झाले. अभ्यासिका सुरू केली, स्पर्धा परीक्षेची मुले आली, प्रत्येकाकडून पाचशे रुपये अनामत घेतली. जमलेल्या पैशांतून टेबले, पंखे आणि इन्व्हर्टर आला. कोणी खिशात घातले नाही; सगळे वाचनालयातच लागले, म्हणून कोणाला काही चुकले असे वाटलेही नाही. परीक्षा संपली, निम्मी मुले पुण्याला निघाली आणि एकाच आठवड्यात तीसेक जण अनामत मागायला आले. काउंटरवरचा लिपिक "पुढच्या महिन्यात या" म्हणत राहिला. तेवढ्यात कार्यकारी मंडळ बदलले. नव्यांनी सांगितले, आमच्या काळात घेतलेली नाही. जुन्या पावत्यांवर तर "वर्गणी व इतर" एवढेच लिहिलेले. शेवटी पावत्यांच्या स्थळप्रती एकेक उलटून कोणाची अनामत किती ते काढावे लागले. त्यात काही स्थळप्रतींवर नाव आहे पण रकमेची फोड नाही, अशांना मंडळाने ठराव करून पूर्ण रक्कम दिली. देणेच योग्य होते. पण मधल्या काळात गावात जी चर्चा झाली ती कुठल्या ठरावाने भरून येणार?

हे टाळायला फार अक्कल लागत नाही, शिस्त लागते. अनामतीचे पावतीपुस्तक वेगळ्या रंगाचे छापून घ्या. बचत खाते वेगळे उघडा आणि त्याचे एटीएम कार्ड घेऊच नका. नोंदवहीत सात रकाने पुरतात: पावती क्रमांक, सभासद क्रमांक, नाव, रक्कम, जमेची तारीख, परतीची तारीख, परत घेणाऱ्याची सही. दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत हिशेब जुळवा: मागची शिल्लक, अधिक जमा, वजा परत, आणि समोर पासबुकातला आकडा. बँकेने दिलेले व्याज बाजूला काढले की दोन्ही आकडे रुपयाला रुपया जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर त्याच दिवशी शोधा. मार्चमध्ये शोधायला बसलात तर सापडणार नाही.

ताळेबंदात ही रक्कम देण्याच्या बाजूला येते. विश्वस्त संस्थांच्या परिशिष्ट ८ मध्ये, म्हणजे ताळेबंदाच्या ठरलेल्या नमुन्यात, त्यासाठी ठेवींचे शीर्षक दिलेले असते. तरीही ती परिशिष्ट ९ मध्ये, म्हणजे उत्पन्न-खर्चात, टाकलेली ताळेबंदपत्रके सर्रास दिसतात. "जास्त व्याज मिळते" म्हणून पतसंस्थेत ठेवण्याचा मोह होत असेल तर आधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चे कलम ३५ वाचा. विश्वस्त संस्थेचा पैसा कुठे गुंतवायचा ते तिथे सांगितले आहे. आणि मंडळ बदलले की कलम २२ खालचा बदल अर्ज ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्या. तो पडून राहिला की बँक नव्या सह्या घेत नाही, जुने कार्यवाह फोन उचलत नाहीत आणि अनामत खात्यात असूनही परत देता येत नाही.

आजीव सभासदांची वर्गणीही चालू खर्चात उडवू नका. ती कायम निधीत टाका, खर्च फक्त व्याजाचा. आजीव सभासद पुढची तीस-चाळीस वर्षे पुस्तके नेणार आहे. त्याचे सगळे पैसे पहिल्याच वर्षी वीजबिलात गेले तर पुढे त्याला पुस्तके पुरवायची कशावर?

देणगीच्या पुस्तकांचा टेम्पो

जुन्या नाशकात एखादा वाडा पाडायला निघाला की पुस्तकांचा टेम्पो जवळच्या वाचनालयासमोर येऊन उभा राहतो. आजोबांचा संग्रह असतो, घरच्यांचे डोळे भरलेले असतात, आणि नकार देणे जड जाते. म्हणून सगळे उतरवून घेतले जाते. त्यात तीस-चाळीस चांगली पुस्तके असतात. बाकी बारावीची गाइडे, मुखपृष्ठ नसलेली मासिके, जुने अभ्यासक्रम. वर "आमच्या वडिलांच्या नावाचे स्वतंत्र कपाट" ही अट.

खरी अडचण जागेची नसते. असे गठ्ठे थेट देवघेव विभागात रचले आणि तळच्या खोक्यात वाळवी असली, की पावसाळा संपेपर्यंत लाकडी मांडणीची मागची फळी पोकळ झालेली असते. वाळवी बाहेर दिसत नाही. फळी आतून खाते आणि पुस्तकात बांधणीच्या बाजूने शिरते. पुस्तक उचलल्यावर मधला भाग माती होऊन गळतो, तेव्हा कळते. मग पेस्ट कंट्रोलचे बिल पाहून मंडळ म्हणते, देणगीच घ्यायला नको होती.

देणगी घ्या, पण एका पानाच्या अर्जावर. त्यात चार वाक्ये हवीतच: स्वीकारलेली पुस्तके ठेवायची, दुसऱ्या वाचनालयाला द्यायची की रद्दीत घालायची हे वाचनालय ठरवेल, स्वतंत्र कपाट किंवा नावाची पाटी मिळणार नाही, पुस्तकात देणगीदाराच्या नावाची चिठ्ठी लावली जाईल, पुस्तके परत मिळणार नाहीत. सही आधी घ्या, टेम्पो नंतर उतरवा. रागावून परत जाणारे फार थोडे असतात.

आलेली पुस्तके किमान तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, भिंतीला न टेकवता, जमिनीपासून वीतभर उंच. बांधणीची बाजू आणि शेवटची पाने उघडून पाहा. चंदेरी, सळसळत पळणारी कसर दिसली तर ते पुस्तक पिशवीत बंद करून बाजूला. बुरशी असेल तर मास्क लावून, खोलीबाहेर सावलीत, कोरड्या मऊ ब्रशने झाडा. कडक उन्हात टाकू नका. कागद ठिसूळ होतो. ओल्या फडक्याने पुसणारे महाभाग असतात, त्यांना दुसरे काम द्या.

मग दाखल करणे. इथे घाई करणाऱ्यांची मोठी फौज आहे. "आधी बारकोड लावू, सॉफ्टवेअरमध्ये टाकू, रजिस्टर मग लिहू." हे "मग" कधीच येत नाही. ई-ग्रंथालय असो, कोहा असो, सॉफ्टवेअरमध्ये जी माहिती घालाल तीच बाहेर येईल. एकाच पुस्तकाला दोन क्रमांक दिलेत तर संगणक ते दोनदा, अगदी ठळक छापून देईल. दाखल नोंदवही बांधीव हवी, पानांना छापील क्रमांक हवेत. एका प्रतीला एक क्रमांक, आणि तो क्रमांक पुन्हा कधीही दुसऱ्या प्रतीला नाही. दोन खंडांचा संच असेल तर दोन क्रमांक. शिक्का आणि दाखल क्रमांक तीन जागी: शीर्षकपानामागे, एका ठरलेल्या गुप्त पानावर आणि शेवटच्या पानावर. खरेदीच्या प्रत्येक बिलावर "दा.क्र. अमुक ते अमुक, नोंदवही पान अमुक" असे लिहून सही करा. तपासणीला येणारा अधिकारी आधी तेच पाहतो. चूक झाली तर एक रेघ मारून वर लिहा आणि सही करा. व्हाइटनर लावलेले रजिस्टर कोणाच्याही मनात शंका उभी करते, अगदी प्रामाणिक माणसाचे असले तरी.

पुस्तके बाद करायला सगळे घाबरतात, म्हणून फाटकी पुस्तके वर्षानुवर्षे फळ्या अडवून बसतात. तीन जणांची समिती, दाखल क्रमांकासह यादी, कार्यकारी मंडळाचा ठराव, पुस्तकावर "बाद" शिक्का, नोंदवहीत लाल शाईने ठराव क्रमांक आणि तारीख, रद्दीच्या पैशांची पावती. एवढेच. सरकारी अनुदानातली किंवा राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडून आलेली पुस्तके यादीत असतील तर ठरावाआधी जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाशी पत्रव्यवहार करून घ्या.

मोजणी किती वर्षांनी करायची यावर वाद घालण्यापेक्षा केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम १९४ उचला. तो आपल्यावर बंधनकारक नाही, पण माप म्हणून चांगला आहे. वीस हजारांपर्यंत पुस्तके असतील तर दरवर्षी पूर्ण मोजणी. वीस ते पन्नास हजारांत किमान तीन वर्षांतून एकदा. वर्षात दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाचपर्यंत गहाळ झाली, आणि त्यात कोणाचा अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल, तर ते चालण्यासारखे मानले आहे. हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मिळ पुस्तक मात्र हरवले की चौकशी करायचीच. ग्रंथपालाच्या पगारातून प्रत्येक हरवलेले पुस्तक कापणाऱ्या मंडळांनी हा नियम दोनदा वाचावा. अशा ठिकाणी ग्रंथपाल काय करतो? कपाटांना कुलूप लावतो.

पुस्तक परतच येणार नाही असा दंड

दिवसाला दोन रुपये दंड ऐकायला किरकोळ वाटतो. पुस्तक १८० रुपयांचे, वाचक चार महिने आजारी. दंड २४० रुपये. तो वाचक पुस्तक परत करणार नाही आणि पुन्हा वाचनालयाच्या दारातही येणार नाही. दिवसाला एक रुपया ठेवा आणि वर ५० रुपयांची मर्यादा घाला. सात दिवस उलटले की फोन, पंधराव्या दिवशी पोस्टकार्ड किंवा मेसेज, आणि ते कोणी करायचे त्याचे नाव नियमातच. वर्षातून एक आठवडा दंडमाफी ठेवा. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन किंवा १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन त्याला बरा. पुस्तके निमूटपणे परत येतात.

हरवलेल्या पुस्तकाची छापील किंमत घेणे ही दुसरी गंमत. १९८५ ची ३५ रुपयांची कादंबरी आज ३५ रुपयांत कोण देणार? तीच किंवा नवी आवृत्ती आणून द्यावी. मिळत नसेल तर आजच्या तशाच पुस्तकाची किंमत घ्यावी. बदली प्रतीला नवा दाखल क्रमांक, जुन्या ओळीत "हरवले, बदली प्रत क्र. अमुक".

अभ्यासिका

सकाळी सहाला येऊन पाण्याच्या बाटलीने खुर्ची अडवायची आणि दहाला उगवायचे, हे कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत सगळीकडे सारखेच. "सामान ठेवून जागा अडवू नये" या पाटीचा उपयोग शून्य. जागांना क्रमांक द्या, टेबलावर टोकन ठेवा, बाहेर जाताना त्यावर वेळ लिहायची, ४५ मिनिटे उलटली की सामान काउंटरवर आणि जागा पुढच्याला. सामान उचलायचा अधिकार शिपायाला लेखी द्या, नाहीतर भांडण त्याच्या अंगावर येते आणि तिसऱ्या दिवशी तो उचलणे सोडतो.

बाकीचे, थोडक्यात

आधारच्या झेरॉक्स उघड्या फायलीत काउंटरवर ठेवू नका. पत्ता पडताळायचा असेल तर मूळ पाहा, अर्जावर "पाहिले" लिहून सही करा आणि परत द्या. प्रत हवीच असेल तर शेवटचे चार आकडे दिसणारे मास्क्ड आधार घ्या.

दिवाळी अंक नेहमीच्या पंधरा दिवसांच्या मुदतीने देऊ नका. तीन दिवस, एका वेळी एक, वेगळी नोंदवही. नाहीतर फेब्रुवारीपर्यंत निम्म्या सभासदांना चांगला अंक दिसतच नाही.

रद्दी तोंडी विकू नका. वजनाची चिठ्ठी आणि पावती.

गोदाकाठच्या, सराफ बाजार-भांडी बाजाराच्या भागातल्या वाचनालयांनी पुराचा नियम लिहायचाच. १९६९, २००८, २०१६, २०१९ ही पुराची वर्षे नाशिककरांना सांगायला नकोत. गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला आणि पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले की व्यापारी माल हलवतात, आणि वाचनालयात कुलूप कोणाकडे आहे याची फोनाफोनी चालू असते. दोन किल्ल्या दोन वेगळ्या घरी. आधी वर न्यायचे ते दाखल नोंदवही, अनामत नोंदवही आणि इतिवृत्त, मग दुर्मिळ ग्रंथ, मग खालच्या दोन फळ्या. जूनमध्येच खालची फळी रिकामी ठेवली तर उत्तम. भिजलेली पुस्तके ४८ तासांच्या आत पंख्याखाली उभी उघडून ठेवा, मधे मधे कोरा शोषणारा कागद घाला आणि तो ओला झाला की बदला. ४८ तासांनंतर बुरशी धरायला लागते. गुळगुळीत कागदाची पुस्तके सगळ्यात आधी हातात घ्या आणि पाने ओली असतानाच सुटी करा, कारण ती एकदा चिकटून वाळली की पुन्हा सुटत नाहीत.