कोब्यावर आइस हॉकीचा शॉट शिकताय? या चुका टाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात बर्फाची रिंक नाही, म्हणून शॉट शिकणं अडत नाही. लडाखच्या मुलांनाही तळी गोठतात तेवढेच आठवडे नैसर्गिक बर्फ मिळतो. साध्या बुटांवर उभं राहून पाया पक्का करता येतो, फक्त चुकीची सवय लागता कामा नये.

पहिली गडबड जमिनीची. खऱ्या पकचं, म्हणजे चेंडूऐवजी वापरायच्या चपट्या गोल चकतीचं, वजन १५६ ते १७० ग्रॅम, तो कडक रबराचा. कोब्यावर तो घसरत नाही, अडखळून कडेवर उभा राहतो आणि मुलं मनगटाला दोष देतात. सनमायका लावलेला प्लायचा तुकडा खाली घ्या. पावसाळ्यात तो खळ्यात पडू देऊ नका, प्लाय फुगतो. नुसत्या सिमेंटवर खेळायचं तर इनलाइन हॉकीचा (चाकांच्या स्केट्सवरची हॉकी) हलका प्लास्टिकचा पक बरा.

स्टिकच्या खरेदीत फार जण फसतात. मैदानी हॉकीत डावा हात कायम वर असतो. इथे तसं नाही: स्टिक डावी-उजवी मिळते आणि स्टिक धरताना खालचा हात कुठला, त्यावरून ती निवडायची. दुसरी गोष्ट फ्लेक्स, म्हणजे स्टिकचा ताठपणा. ८५ फ्लेक्स म्हणजे ती स्टिक एक इंच वाकवायला साधारण ८५ पौंडांचा जोर लागतो. मोठ्या माणसाची स्टिक कापून लहान मुलाला दिली की ती आणखी ताठ होते. पोर कितीही जोर लावो, ती वाकत नाही, आणि न वाकणाऱ्या स्टिकमधून शॉट निघत नाही. मुलांसाठी ज्युनियर स्टिकच घ्या.

आता रिस्ट शॉट. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा असं माझं ठाम मत आहे. नाव मनगटाचं असलं तरी ताकद पायातून येते. मुलं पक अगदी समोर ठेवतात आणि नुसत्या हातांनी ढकलतात. पक मागच्या पायाजवळ, पात्याच्या टाचेशी (पातं दांड्याला जुळतं तिथे) घ्या. वजन मागच्या पायावरून पुढच्यावर आणताना खालच्या हाताने स्टिक दाबा, वरचा हात आपल्याकडे ओढा. पक टाचेकडून टोकाकडे फिरत सुटला पाहिजे. हवेत तो डगमगत गेला, तर मनगट वळलं नाही असं समजा. फिरकी मिळाली की तो सपाट जातो. वरचा हात पोटाला चिकटलेला असेल तर काहीच जमणार नाही, कोपर मोकळं ठेवा. शॉट सारखा उंच जातोय? शेवटी स्टिकचं टोक कुठे थांबतं ते बघा. पक साधारण तिकडेच जातो.

स्लॅप शॉटची, म्हणजे स्टिक मागे उचलून जोरात मारायच्या शॉटची, घाई नको. खेळाडू झेडेनो चाराने २०१२ मध्ये एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी लीग) कौशल्य स्पर्धेत ताशी सुमारे १७५ किलोमीटर वेगाने मारलेला शॉट बघून सगळ्यांनाच तो हवा असतो. क्रिकेटची सवय असलेली मुलं थेट पकवर घाव घालतात. खरं तर पातं पकच्या थोडं मागे बर्फावर आपटतं, स्टिक धनुष्यासारखी वाकते आणि सुटताना पकला फेकते. कोब्यावर हे करू नका, पातं फुटेल.

स्नॅप शॉट म्हणजे मागे न ओढता झटक्यात सोडलेला. पास न अडवता तसाच मारला तर वन-टायमर. गोलीच्या (गोलरक्षकाच्या) दोन पायांमधली फट ती फाइव्ह-होल, त्याच्यासमोर उभं राहून नजर अडवणं म्हणजे स्क्रीन. गोलीला लागून परत आलेला पक म्हणजे रिबाउंड, आणि शॉट मारून जागीच थांबणारा खेळाडू तो नेहमी गमावतो.

नजरही सुधारा. पककडे बघत मारू नका, गोल १.८३ मीटर रुंद, १.२२ मीटर उंच असतो, त्याचे कोपरे बघा. गोलामागे बंदरावरचं जुनं बारीक आसाचं (छिद्रांचं) जाळं दुहेरी बांधा. ते सैल सोडा. ताणलं तर पक उसळून परत अंगावर येतो. सरावाच्या वेळी गोलामागे कुणी नको, आणि समोर उभ्या राहणाऱ्या मुलाला जाळीचं हेल्मेट घातल्याशिवाय एकही शॉट नको.