हिवाळी ग्रुप वॉक आणि पबमधलं जेवण : या चुका टाळा

गेल्या जानेवारीत आमचा अठरा जणांचा घोळका इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधल्या कॅसलटन गावच्या पबात पोचला तेव्हा पावणेतीन वाजले होते. टेबल दीडचं होतं आणि स्वयंपाकघर अडीचला बंद झालं होतं. गारठलेल्या पोरांना चहा आणि बटाट्याच्या वेफर्सवर भागवावं लागलं. चूक आमचीच होती, आणि ती सकाळी निघतानाच झाली होती.

रस्ता साधा : ईडेल स्टेशनवरून हॉलिन्स क्रॉस, तिथून धारेवरून मॅम टॉर, मग खाली कॅसलटन. सात-आठ किलोमीटर. मॅम टॉरची उंची ५१७ मीटर, म्हणजे स्टेशनपासून पावणेतीनशे मीटरच्या आसपास चढ. आम्ही ‘दोन तासांत होईल’ म्हणालो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा १८९२ चा ठोकताळा आजही वापरतात : पाच किलोमीटरला एक तास, शिवाय ६०० मीटर चढाला आणखी एक. त्या हिशेबाने दोनच तास येतात खरे, पण हा हिशेब न थांबता चालणाऱ्याचा. घोळक्यात कुणाची लेस सुटते, कुणाला फोटो हवा असतो, फाटकातून एकेक जण जातो. हिवाळ्यात त्यावर निम्मा वेळ आणखी धरा. जानेवारीच्या मध्यावर तिथे सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि कॅसलटनहून होप स्टेशन चालत गाठायला जवळजवळ तास लागतो. म्हणून आता आम्ही उलटीकडून मोजतो : तीनला पबातून बाहेर, दीडला टेबल, दहाला ईडेलहून पहिलं पाऊल. सगळ्यांत सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवतो, आणि वाट माहीत असलेला एक जण कायम शेवटी.

कपड्यांत आपली मंडळी हमखास चुकतात. सह्याद्रीत पावसाळ्यात चिंब भिजून चालण्यात मजा असते, कारण हवा उबदार असते. इथे ओली जीन्स वाऱ्यात अंगाला चिकटली की दहा मिनिटांत दात वाजायला लागतात. सुती काही नको. लोकरीचा किंवा सिंथेटिक थर आत, वारा-पाऊस अडवणारं जॅकेट वर, आणि कोरडे मोजे पिशवीत. धारेवरच्या वाटेला दगडी फरशा बसवल्या आहेत. दव गोठलं की त्यांच्यावर काचेसारखा पातळ थर बसतो, नुसत्या नजरेला फरशी ओली वाटते. आमच्या एका मैत्रिणीचं मनगट तिथेच मुरगळलं. चांगल्या खाचांचे तळ असलेले बूटच घाला, आणि अशा ठिकाणी कडेच्या गवतावर पाय टाका.

मॅम टॉरचा डोंगर मुळातच भुसभुशीत, सतत खचणारा. त्याच्या उतारावरून जाणारा मोटाररस्ता १९७९ मध्ये कायमचा बंद करावा लागला. उतरताना तो लागतो. तुटलेल्या डांबराचे थरावर थर दिसतात, वर्षानुवर्षांच्या डागडुजीचे. मुलं तिथे रेंगाळतात, रेंगाळू द्या. त्यासाठी पंधरा मिनिटं आधीच धरून ठेवा.

पबाकडे येऊ. मोठा गट असेल तर कोण काय खाणार याची यादी आठवडाभर आधी सगळ्यांकडून मागवून पबाला कळवा, आणि येणाऱ्यांचा आकडा बदलला तर लगेच फोन करा. गावातल्या छोट्या पबाला सात रिकाम्या खुर्च्या जड जातात. चिखलाचे बूट दारातच काढून पिशवीत घाला. बहुतेक ठिकाणी ऑर्डर बारवर जाऊन द्यायची असते, टेबलाचा नंबर लक्षात ठेवून. घरचा चिवडा तिथे उघडू नका.

शाकाहारी मंडळींनी इथे जरा थांबून वाचावं. ‘भाज्याच तर आहेत’ म्हणून घेतलेले भाजलेले बटाटे हंसाच्या चरबीत केलेले असू शकतात, यॉर्कशर पुडिंग (गोड नसतं, मैदा-अंड्यांचं फुगवून भाजलेलं) बीफच्या चरबीत. ग्रेव्ही तर बहुधा मांसाचीच. मिन्स पाय या नाताळातल्या छोट्या गोड पेस्ट्रीत आता मांस नसतं, सारण मनुका-बेदाण्यांचं असतं, पण त्यात सूएट नावाची गुरांची चरबी असू शकते; शाकाहारी सूएटचेही मिळतात. माझ्या सासूबाईंनी अर्धा खाल्ल्यावर हे कळलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी प्रत्येक पदार्थाबद्दल स्पष्ट विचारते.

काही बिनसलंच तर : धुकं उतरलं तर आल्या वाटेने परत फिरा. थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, तो आतल्या खिशात ठेवा आणि कागदी नकाशा जवळ असू द्या. गंभीर दुखापत झाली तर ९९९ लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागा. शिट्टी असेल तर मिनिटात सहा वेळा वाजवा, मिनिटभर थांबा, पुन्हा वाजवा.

आणि तिळगूळ. संक्रांतीच्या आसपासचा वॉक असला की डबा निघतोच, निघावाच. पण ब्रिटनच्या कायद्यात नोंदलेल्या चौदा ॲलर्जीकारक पदार्थांमध्ये तीळ आहेत, म्हणून नव्या माणसाला विचारूनच हातावर ठेवा. चिक्कीच्या गुळाची वडी थंडीत दगड होते. मऊ लाडू करा, एकेक कागदात गुंडाळा, म्हणजे हातमोजे न काढता घेता येतो. जेवणानंतर कुणाच्या पोटात जागा नसते. आम्ही ते हॉलिन्स क्रॉसला वाटतो, पहिला चढ संपतो तिथे.