मांजराला डायबेटीस झालाय का, घरी कसं ओळखायचं

आमचा बोका भात-बांगडा ताट चाटूनपुसून खायचा, त्यामुळे तो आजारी असेल असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि इथेच बहुतेक जण फसतात. डायबेटीसमध्ये खाल्लेलं अंगाला लागत नाही, साखर रक्तात साचते, मग लघवीवाटे जाते आणि जाताना पाणीही ओढून नेते. म्हणून खाणं नका बघू, पाणी बघा.

सकाळी वाटीत मापाने पाणी भरा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजा. किलोमागे १०० मिलीच्या वर, म्हणजे ४ किलोच्या मांजराने दिवसाला ४०० मिलीच्या वर प्यायलं तर ते नॉर्मल नाही. मासे खाणारं मांजर तसं पाणी कमीच पितं, त्यामुळे एरवीच्या दुप्पट झालं तरी सावध व्हा. त्या दिवशी त्याला घरातच ठेवा आणि न्हाणीघरातली बादली झाका, नाहीतर मागच्या दारच्या डोणीत तोंड घालून येतं आणि सगळा हिशोब चुकतो.

लघवी वाढलीय का बघा, ट्रेमधल्या रेतीचे गोळे मोठे होतात, चिकट वाटतात. मुंग्या लागतात हे खरं, पण कोकणात पावसाळ्यात मुंग्या कशालाही लागतात, नुसत्या त्यावरून ठरवू नका.

मग वजन. मांजराला घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा, दर आठवड्याला. पोट लोंबत असलं तरी पाठीचा कणा हाताला लागायला लागला की समजा वजन उतरतंय.

मागचे पाय नीट बघा, आम्ही हे म्हातारपण समजलो होतो. मांजर घोटे जमिनीला टेकवून चालतं, पडवीच्या कठड्यावर उडी मारता येत नाही. साखरेने नसा खराब होतात त्याचं हे लक्षण.

जाडे, नसबंदी झालेले, ७-८ वर्षांपुढचे बोके आणि स्टेरॉईड चालू असलेली मांजरं यांच्यावर जास्त लक्ष ठेवा.

डॉक्टरकडे गेल्यावर भीतीनेही मांजराची शुगर वाढते, म्हणून एका रीडिंगवर न थांबता लघवीतली साखर आणि फ्रुक्टोसामाईन ही रक्ताची तपासणी करायला सांगा, फ्रुक्टोसामाईनमधून आधीच्या एक-दोन आठवड्यांची शुगरची सरासरी कळते. किडनी, थायरॉईडचीही लक्षणं अशीच असतात, तीही तपासून घ्या. घरातल्या आजीची गोळी किंवा इन्सुलिन मनाने देऊ नका, जीव जाऊ शकतो.

आणि खाणं बंद, उलट्या, अंग टाकून पडणं, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, तालुक्याला डॉक्टर नसेल तर गाडी करून पुढे जा.