शास्त्रज्ञाचा परिचय कसा लिहावा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी शाळांत आणि वाचनालयांत विज्ञान दिनाच्या निमित्ताने एखाद्या शास्त्रज्ञाचा परिचय लिहिण्याचे काम पुष्कळदा भाषेच्या शिक्षकांकडे येते आणि परिचय म्हणून पुरस्कारांची यादीच वाचली जाते. यादी श्रोत्यांच्या लक्षात राहत नाही. संशोधनातील एखादा प्रश्न नीट मांडला तर तो राहतो. उदाहरणादाखल आपल्याच राज्यातील रसायनशास्त्रज्ञ प्रा. सी. एन. आर. राव यांचा परिचय घेऊ.

सुरुवात त्यांच्या विषयापासून, म्हणजे घन पदार्थांची रचना आणि गुणधर्म अभ्यासणाऱ्या घनस्थिती रसायनशास्त्रापासून करावी. निकेल ऑक्साइड वीज जवळजवळ वाहूच देत नाही, तांबडे रेनियम ट्रायऑक्साइड धातूसारखी वीज वाहून नेते, तर व्हॅनेडियम डायऑक्साइड सुमारे ६८ अंश सेल्सिअसच्या वर तापवले की मंदवाहकाचे सुवाहक होते. तिन्ही पदार्थ धातू आणि ऑक्सिजन यांचीच संयुगे असताना हा फरक का पडावा, आणि रचना किंवा घटकांचे प्रमाण बदलले की गुणधर्म कसे पालटतात, अशा प्रश्नांवर राव यांनी अनेक दशके काम केले. एवढे दहावीच्या मुलांनाही समजते. नॅनोपदार्थांवरील, म्हणजे अतिसूक्ष्म आकाराच्या पदार्थांवरील, नंतरच्या कामाला एक वाक्य पुरे.

त्यानंतर कारकीर्द लिहावी, पण प्रत्येक ठिकाणी काय घडले हे सांगत. १९३४ साली बेंगळुरूत जन्म, म्हैसूर विद्यापीठ आणि बनारस येथे शिक्षण, १९५८ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाची पीएच. डी., पुढे कानपूरची आय. आय. टी. हे भरभर सांगून १९७६ पाशी थांबावे. त्या वर्षी ते बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत परतले आणि तेथे घनस्थिती रसायनशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. १९८४ ते १९९४ ते त्या संस्थेचे संचालक होते आणि त्याच काळात, १९८९ मध्ये, बेंगळुरूतील जक्कूर येथे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र स्थापन झाले.

सन्मानांच्या बाबतीत मात्र काटेकोर राहावे. १९८२ मध्ये त्यांना लाभलेले रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेचे सदस्यत्व हा पुरस्कार नव्हे, निवड आहे. त्याच सोसायटीचे ह्यूज पदक (२०००) आणि रॉयल पदक (२००९) हे पुरस्कार होत. भारतरत्नची घोषणा नोव्हेंबर २०१३ मध्ये झाली आणि तो ४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदान करण्यात आला, म्हणून कोणते वर्ष कशाचे हे स्पष्ट लिहावे. निमंत्रणपत्रिकेवर नावाआधी ‘भारतरत्न’ छापण्याची आपल्याकडे फार हौस आहे. परंतु हा सन्मान पदवीसारखा नावाला जोडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले आहे. ‘भारतरत्नने सन्मानित’ असे लिहावे. पद्मश्री (१९७४), पद्मविभूषण (१९८५) आणि कर्नाटकरत्न एका ओळीत बसतात. देशोदेशींच्या मानद पदव्या बऱ्याच आहेत. त्या एकेक करून वाचू नयेत, आणि ‘नोबेल मिळायला हवे होते’ हे वाक्य तर सरळ गाळावे.