ओट्याची पट्टी आणि जुना डॅडो कायम ठेवून स्वयंपाकघराच्या भिंतीला टाइल्स लावणे

नागपुरातील जुन्या ले-आउटमधील स्वतंत्र घरांत ग्रॅनाइटचा ओटा, त्याच्या मागच्या कडेला भिंतीलगत उभी बसवलेली तीन-चार इंचांची ग्रॅनाइटचीच पट्टी आणि तिच्या वर एक-दोन फुटांचा जुना डॅडो (भिंतीवर ठरावीक उंचीपर्यंत लावलेल्या टाइल्स) किंवा नुसता तेलरंग, अशी रचना सर्रास आढळते. वरच्या भिंतीला नव्या टाइल्स लावायच्या झाल्या की मिस्त्रीचा पहिला प्रश्न असतो की, पट्टी काढायची की ठेवायची. पट्टी घट्ट असेल, तर ती ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती सिमेंटमध्ये बसवलेली असते आणि छिन्नीने उचकटताना तिच्यासोबत ओट्याच्या ग्रॅनाइटची मागची कड उडण्याचा धोका असतो. ती कड दुरुस्त करणे टाइल्सच्या कामापेक्षा अवघड असते. एखादे नाणे घेऊन पट्टीवर टोकापासून टोकापर्यंत हलकेच वाजवत जावे. आवाज सर्वत्र भरीव आला आणि वरची कड हाताने दाबून हलली नाही, तर पट्टी तशीच राहू द्यावी.

मात्र पट्टी ठेवली म्हणून तिच्यावर भरवसा ठेवू नये. ओटा बसवताना पाणी सिंककडे वाहावे म्हणून त्याला बारीक उतार देतात, शिवाय घर जुने झाले की ओट्याखालच्या कडप्प्याच्या आधारांत थोडाफार फरक पडतो. परिणामी दहा फूट लांबीच्या ओट्यात दोन-तीन सुतांचा (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक सहज निघू शकतो. पहिली टाइल पट्टीवर टेकवून काम सुरू केले, तर हाच फरक ओळीमागून ओळीने वर चढत जातो आणि वरच्या कपाटाच्या खालच्या सरळ कडेशी पोहोचल्यावर डोळ्यांत खुपतो. म्हणून नव्या टाइल्स भिंतीवर काढलेल्या लेव्हलच्या रेषेवर बसवाव्यात, आणि पट्टीचा वाकडेपणा फक्त सर्वांत खालच्या ओळीने, कापून सामावून घ्यावा.

ही रेषा काढण्याआधी टाइलचे माप ठरवावे, कारण इथेच बरीच कामे बिघडतात. ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंत साधारण २४ इंच अंतर असते. त्यातून चार इंचांची पट्टी वजा केली की २० इंच, म्हणजे सुमारे ५०८ मिमी उरतात. या जागेत १२ बाय १८ इंचांची टाइल उभी लावली, तर वर किंवा खाली दोन इंचांची चिंधी कापून लावावी लागते आणि ती कितीही नीट कापली तरी ठिगळासारखीच दिसते. तीच टाइल आडवी लावली, किंवा १२ बाय २४ इंचांची आडवी घेतली, तर खाली १२ इंचांची आणि वर आठ इंचांची अशा दोन ओळी होतात, आणि कापलेली वरची ओळ कपाटाच्या सावलीत झाकली जाते. दुकानात टाइल पसंत करण्यापूर्वी ही वजाबाकी स्वतःच्या घरातील मापांनी करून पाहावी.

आता लेव्हल. पाण्याच्या नळीने किंवा लेझर लेव्हलने पट्टीच्या वरच्या कडेवरील सर्वांत खोल जागा शोधावी. त्या जागेपासून ३०५ मिमी उंचीवर खूण करावी: ३०० मिमी टाइल, तिच्याखाली पट्टीशी सोडलेली ३ मिमीची फट आणि वरच्या सांध्याचे २ मिमी. या खुणेतून पूर्ण भिंतीवर लेव्हलची रेषा मारून, रेषेला वरची कड लागेल अशी अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी किंवा न वाकलेली लाकडी फळी स्क्रूने घट्ट बसवावी. पहिल्यांदा वरची ओळ या फळीवर बसवून घ्यावी. दुसऱ्या दिवशी फळी काढली की खालची ओळ लावता येते. खोल जागी पूर्ण टाइल बसते आणि इतरत्र दोन-तीन सुतांपर्यंत कापावे लागते. प्रत्येक तुकड्याचे माप डावीकडे आणि उजवीकडे वेगवेगळे घ्यावे, आणि कापलेली कड नेहमी खाली, पट्टीच्या बाजूला ठेवावी.

भिंतीची तयारी कंटाळवाणी असते, पण टाळता येत नाही. पुट्टीवर टाइल लावू नये. टाइल पुट्टीला चिकटते, पण पुट्टी भिंतीला तेवढी घट्ट नसते, त्यामुळे काही दिवसांनी दोन्ही मिळून खाली येतात. तेलरंग आणि डिस्टेंपरही खरवडून प्लास्टर उघडे करावे आणि त्याला छिन्नीने जवळजवळ टाचे (उथळ खळगे) मारून धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. शेगडीच्या वरच्या भागात फोडणीच्या तेलाचा चिकट थर असतो. तो धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने दोन वेळा धुतल्याशिवाय जात नाही.

नागपुरात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. शहराच्या मोठ्या भागात पायाखाली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. जुनी, स्थिर भेग रुंद करून, दुरुस्तीच्या मसाल्याने भरून, वर जाळी लावून झाकता येते. जी भेग ऋतूप्रमाणे उघडते आणि मिटते, तिच्यावरून टाइल नेऊ नये, कारण टाइलही त्याच रेषेत तडकते. आधी भेगेचे कारण शोधून दुरुस्ती करावी, टाइल्स नंतर.

जुना डॅडो शाबूत असेल, तर त्याच्यावरच टाइल लावता येते. पोकळ वाजणाऱ्या टाइल्स काढून ती जागा सिमेंटच्या मसाल्याने भरावी, बाकीच्यांची चकाकी ग्राइंडरने घासून मोडावी आणि ज्या गोणीवर टाइलवर टाइल लावण्यासाठी योग्य असे लिहिलेले असेल, तेच अ‍ॅडेसिव्ह वापरावे. टाइल अ‍ॅडेसिव्हसाठी आयएस १५४७७ हे भारतीय मानक आहे. गोणीवर त्याचा क्रमांक आणि प्रकार पाहून घ्यावा. या पद्धतीत भिंतीची जाडी १२ मिमीच्या आसपास वाढते हे मात्र लक्षात ठेवावे. पट्टी जुन्या डॅडोच्या बाहेर १८ मिमी आलेली असेल, तर टाइल तिच्या आत राहते आणि वर सहा मिमीची बारीक धार उरते. जुना डॅडो आधीच पट्टीच्या बरोबरीने असेल, तर नवी टाइल पट्टीच्या पुढे लोंबते आणि तिची कापलेली कड खालून उघडी दिसते. अशा ठिकाणी कडेला अ‍ॅल्युमिनियमची ट्रिम द्यावी किंवा जुना डॅडो फोडूनच काढावा. मी दुसरा पर्याय निवडीन.

अ‍ॅडेसिव्ह वापरताना टाइल्स पाण्यात भिजवू नयेत. भिजवण्याची पद्धत साध्या सिमेंटच्या मसाल्यासाठी आहे, तरी सवयीने बादली भरणारे मिस्त्री अनेक आहेत. दातेरी थापीने एका वेळी पाच-सहा चौरस फुटांपेक्षा जास्त पसरू नये. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना आणि कूलरचा झोत भिंतीवर येत असताना अ‍ॅडेसिव्हवर पाहता पाहता साय धरते. बोट टेकवून पाहावे. बोटाला मसाला लागला नाही, तर तो खरवडून टाकावा, वर पाणी शिंपडून चालवू नये. शक्य असेल, तर हे काम दिवाळीनंतरच्या थंड, कोरड्या महिन्यांत काढावे. मधून मधून एक टाइल उचलून मागे मसाला सर्वत्र लागला आहे ना, हे पाहत जावे.

पट्टी जिथे संपते, उदाहरणार्थ फ्रीजच्या जागेजवळ, तिथे टाइलला इंग्रजी एल अक्षरासारखा काप द्यावा लागतो. आतल्या कोपऱ्यावर आधी सहा मिमीच्या डायमंड बिटने भोक पाडावे आणि दोन्ही काप त्या भोकापर्यंतच आणावेत. थेट कोपऱ्यापर्यंत कटर नेला, तर तिथून हमखास तडा जातो. स्विचबोर्डाच्या कापालाही हाच नियम लागू होतो. बोर्ड उघडण्यापूर्वी एमसीबी बंद करावा, आणि वाढलेल्या जाडीसाठी लांब स्क्रू, तर नळासाठी एक्स्टेन्शन निपल (नळ पुढे आणणारा जोड) आधीच आणून ठेवावे.

सांध्यांसाठी शेगडीमागे तरी एपॉक्सी ग्राउट घ्यावा. पांढऱ्या सिमेंटवर पडलेला हळदीचा डाग निघत नाही. पट्टी आणि टाइल यांच्यामधील तीन मिमीच्या फटीत मात्र ग्राउट भरू नये. ओटा आणि भिंत वेगवेगळ्या हालतात, आणि कडक मसाला तिथे केसासारखी चीर देतो. त्या चिरेतून झिरपलेले पाणी पट्टीमागे साचते. ग्राउट वाळल्यानंतर फट स्वच्छ आणि कोरडी करून, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून बुरशीरोधक न्यूट्रल सिलिकॉन भरावे. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारे सिलिकॉन दगडावर डाग पाडू शकते, म्हणून ते ग्रॅनाइटजवळ नको. साबणाच्या पाण्यात बुडवलेले बोट एकदाच, न थांबता फिरवावे. वरची धार ओट्याकडे किंचित उतरती ठेवावी, म्हणजे पाणी आणि पीठ तिथे थांबत नाही. टेप लगेच काढावी आणि २४ तास तिथे पाणी लागू देऊ नये. भिंतींचे आतले उभे कोपरेही असेच भरावेत. पुढे सिंकजवळचे सिलिकॉन काळे पडले, तर ते ब्लेडने मुळापासून कापून काढून मगच नवे भरावे, कारण जुन्या सिलिकॉनवर नवे नीट धरत नाही.